पाल्याचे मानकरी

शाकाहारी माणसाला आपल्या शाकाहाराचा एक बारीकसा अभिमान असतो. तो बोलून दाखवत नाही, पण लग्नाच्या पंगतीत ‘व्हेज कुठल्या बाजूला हो?’ असं विचारताना आवाज अर्धी पट्टी वर चढतो. हा अभिमान ज्याला उतरवून घ्यायचा असेल त्याने घरात ससा पाळावा. ससा आपल्या ताटातल्या बटाट्याच्या भाजीकडे बघतो, वरणभातावरच्या तुपाच्या धारेकडे बघतो आणि तोंड फिरवतो. त्याच्या लेखी आपण भ्रष्ट. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, भात नाही, डाळ नाही, चुलीवर चढलेलं काहीही नाही. गवत, पाला आणि पाणी, संपला स्वयंपाक. असे दोन कर्मठ आमच्या घरात राहतात, आणि आम्ही त्यांच्या आश्रयाने राहतो.

घर अलोऱ्यात. चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी, विसेक किलोमीटरवर. गाव जुनंच आहे, पण बाहेरच्या जगाला ते कळलं कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं, मग कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिथून पुन्हा एकदा कामाला जुंपलं जातं आणि मगच त्याला वाशिष्ठीला मिळायची परवानगी मिळते. सरकारी नोकरीत इतकं राबलेलं दुसरं कोणी मला माहीत नाही. या खटाटोपासाठी उभ्या महाराष्ट्रातून माणसं इथे येऊन राहिली. मी सांगलीकडचा. चौथ्या टप्प्याच्या कामावर आलो, १३ मार्च १९९९ ला कोयना धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे शिवाजीसागराच्या, तळाशी भोक पाडून पाण्याला वाट करून देणारं लेक टॅपिंग झालं तेव्हा कागदपत्रांच्या गठ्ठ्यामागे मीही होतो, आणि मग परत जायचं राहूनच गेलं. बायको गुहागरकडची. सांगलीची जीभ आणि गुहागरचा नारळ यांच्यात कधीच तह झालाय: उसळीत ओलं खोबरं, कोशिंबिरीत दाण्याचं कूट, आणि ज्याला जे नको त्याने गप्प बसून खायचं.

माणूस निवृत्त झाला की घरातली बिनपगारी खाती त्याच्याकडे वर्ग होतात. माझ्याकडे दोन आली, डबे आणि ससे. बायको चिपळूणच्या एका शाळेत शिकवते, मुलगी तिथेच कॉलेजात. दोघींची सातची एसटी. म्हणजे पावणेसातला दोन डबे भरून, कडा पुसून, पिशवीत. पोळ्या बायको लाटते. त्या कामाचं माझं टेंडर पहिल्याच दिवशी फेटाळलं गेलं. भाजी, उसळ, कोशिंबीर मात्र माझी. इतपत सगळं सुरळीत चाललं असतं, पण दोन्ही खाती एकाच टेबलावर आली की काय होतं ते सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

ससे आले मुलीच्या हट्टाने. दुकानाचं नाव सांगत नाही. दुकानदाराने दोघांना आळीपाळीने उताणं केलं, डोळे बारीक केले आणि सांगितलं, ‘‘दोन्ही नर. गॅरंटी.’’ पावतीवर मात्र फक्त किंमत लिहिली. एक पांढरा, एक करडा. मुलीने त्यांच्यासाठी इंग्रजी नावं काढून ठेवली होती, पण ज्या घरातला कर्ता पुरुष तीस वर्षं टप्प्यांच्या फायली हलवत होता त्या घरात ती टिकणार कशी? पांढरा झाला टप्पा क्रमांक एक, करडा टप्पा क्रमांक दोन. रोजच्या हाकेला एक्या आणि दोन्या.

घरात ससे आहेत म्हटल्यावर येणारा-जाणारा गाजरं घेऊन येतो. गाजरात साखर भरपूर, आणि सशाच्या आतड्याला ती झेपत नाही. बोटभर तुकडा अधूनमधून दिला तर दिला. गाजराची ही कीर्ती बग्ज बनी नावाच्या कार्टूनने पसरवली. तो १९४० मध्ये पडद्यावर आला, आणि गाजर चावत चावत बोलायची त्याची ढब क्लार्क गेबल या नटाच्या १९३४ सालच्या सिनेमातून उचललेली. हॉलिवूडचा एक देखणा नट एकदा कुंपणाला टेकून गाजर खातो आणि त्यापायी नव्वद वर्षांनी अलोऱ्यात माझ्या फ्रिजमधली गाजरं नरम पडतात. गाजर हलवा आमच्याकडे आता पक्वान्न राहिलेला नाही, निचरा झालाय.

सशाचं खरं अन्न म्हणजे सुकं गवत. त्याचे दात जन्मभर वाढतच राहतात. ते झिजायला आणि आतडं हलतं राहायला दिवसभर काही ना काही चघळत बसावं लागतं. पोट थोडा वेळ जरी थांबलं तरी जिवावर बेततं. शिवाय सशाला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत घेण्याची सोय नाही. गवताच्या जोडीला पाला. कोथिंबीर, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा थोडा पाला आणि सर्वांत लाडका म्हणजे मुळ्याचा पाला.

दोन्या मुळ्याचं पान कसं खातो ते एकदा जवळ बसून बघण्यासारखं आहे. आधी वास घेतो. नाकपुड्या थरथरतात, मिशा पुढे येतात. मग हनुवटी घासून पान आपल्या मालकीचं करून घेतो, कारण हनुवटीखालच्या ग्रंथीचा वास लागला की सशांच्या कायद्यात सातबारा झाला. मग देठाचं टोक दातांत धरतो, आणि शिवणयंत्राखाली कापड सरकावं तसं पान एका संथ वेगाने आत सरकत जातं. जबडा डावीकडून उजवीकडे फिरतो, मान हलत नाही, डोळे कुठेतरी लांब. देठ, शिरा, पान, पानाचं टोक. शेवटी ओठांवर एक हिरवा ठिपका राहतो आणि तोही आत जातो. मग तो माझ्याकडे बघतो. त्या नजरेत कृतज्ञता शोधू नये. तो फक्त पुढचं पान कुठाय ते विचारत असतो.

इथूनच आमच्या डब्यांचं वाटोळं सुरू झालं. पूर्वी आठवड्यातून एखादा दिवस मुळा यायचा. मुळ्याची कोशिंबीर, पाल्याची पीठ पेरून भाजी, विषय संपला. आता जुडी रोज येते. पाला दारातून जो आत जातो तो थेट पिंजऱ्याकडे. ओट्यावर उरतात मुळे, पांढरे, जाडजूड आणि कोणालाच नको असलेले.

मुळ्याचं एक आहे, तो एकट्याने, दारं उघडी टाकून खायचा जिन्नस आहे. चारचौघांत त्याचा डबा उघडायला छाती लागते. सोमवारी मी तो किसला, मीठ लावून पिळला, दही आणि दाण्याचं कूट घातलं, वर हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी ओतली. मंगळवारी पातळ चकत्या करून भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतला, वरून ओलं खोबरं भुरभुरलं. ही खरोखर चांगली भाजी होते, फक्त डाळ रात्रीच भिजत टाकायची आठवण हवी. बुधवारी तुरीच्या वरणात आमसूल-गूळ घालून उकळला. गुरुवारी पिळून काढलेल्या पाण्यातच भाजणी भिजवून, कीस घालून थालीपीठं लावली. शुक्रवारी मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, उद्या मी कॅन्टीनमध्ये खाईन.’’

बायकोच्या स्टाफरूममध्ये डबे एकदमच उघडतात. तिथल्या मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘‘आज मुळा वाटतं?’’ दुसऱ्या दिवशी, ‘‘आजही मुळाच?’’ तिसऱ्या दिवसापासून कोणी काही बोललं नाही. एक जण उठून खिडकी उघडायला लागली.

बायकोने संध्याकाळी ‘रुचिरा’ माझ्यापुढे आणून ठेवलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० पासून मराठी घरांना तारत आलंय. पण त्यांनी जी घरं डोळ्यांपुढे धरली होती तिथे भाजी माणसांसाठी आणत असत. तेव्हा मी स्वतःच आळीपाळी लावली. नवलकोल आणला की पाला त्यांचा, गड्डा आमचा. फ्लॉवरची बाहेरची दोन पानं त्यांना, तीही जपून, कारण जास्त झाली तर पोटात वायू धरतो; उरलेला फ्लॉवर आम्हाला, वायू धरला तरी आमचं आम्ही बघायचं. बिटाची पानं चवीपुरती त्यांना, बीट आमचं. कोथिंबिरीची जुडी त्यांची. फोडणीवर टाकायला दोन काड्या मागून घ्याव्या लागतात. सांगायचं म्हणजे, आमच्याकडे जेवणाचा बेत ठरतो तो भाजीच्या वरच्या अंगावरून. खालच्या अंगाचं काय करायचं ते माझं कसब.

अपवाद फक्त अळूचा. मागच्या दारी सांडपाण्यावर अळू माजलेलं असतं, पण त्यातल्या चुन्याच्या सुयांसारख्या कणांनी घसा खाजतो आणि ससे त्याच्या वाटेला जात नाहीत, आपणही जाऊ देऊ नये. आपण माणसं आमसूल-चिंच घालून, शिजवून त्याची खाज मारतो. त्यामुळे अळूचं फदफदं असलं की तो दिवस फक्त माणसांचा. मी त्यात हरभऱ्याची डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप आणि असला तर मुळा घालतो. हो, मुळा. तो संपवायचाच असतो.

आता भाजीबाजार. चिपळूणच्या बाजारात लोक मावशीला सांगतात, ‘‘पाला काढून द्या.’’ मी शेजारी पिशवी उघडून उभा. माझ्यासारखं गिऱ्हाईक पाहून मावशींना आधी वाटलं, घरी शेळ्या असणार.

‘‘शेळ्या किती आहेत भाऊ?’’

‘‘शेळ्या नाहीत, ससे आहेत.’’

‘‘असं होय!’’ मावशी खुलल्या. ‘‘किती किलोचे झाले?’’

‘‘पाळलेत हो मावशी.’’

‘‘होय, पाळलेतच. पण किलोचे किती झाले?’’

शेजारच्या एका गिऱ्हाइकाने वाटण कसं करायचं तेही फुकट सांगितलं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्याला माझी खरोखर कीव आली: घरात दोन-दोन ससे आणि हा माणूस मुळा खातो. त्याला रानातला ससा आठवत असावा. तो वेगळा. काळ्या मानेचा, लांब टांगांचा, बीळ न करणारा; त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात. त्याला धरायला-मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. आमचे हे पिंजऱ्यातले मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. कोकणात ते पाहुणेच, आणि राहण्याची तऱ्हाही जावयाची.

जावयाला उन्हाळा सोसत नाही. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. मे महिन्यात पंखा त्यांच्या खोलीत, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्या कुशीला, आणि आम्ही ओसरीवर पुठ्ठ्याने वारा घेत. पावसाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, दारात कमरेएवढं हिरवंगार गवत उभं राहतं, पण ओलंचिंब गवत पोटाला बाधतं आणि साठवलेल्या सुक्या गवताला बुरशी धरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात घरातल्या दोरीवर एका टोकाला कपडे आणि दुसऱ्या टोकाला गवताच्या पेंड्या वाळत असतात. बायकोच्या साडीला काडी चिकटलेली पाहून एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्याकडे गाय आहे?’’ बायको म्हणाली, ‘‘नाही, मिस्टर आहेत.’’

एक्याने मिक्सरची वायर तोडली ती याच दिवसांत. वर्षानुवर्षं ज्या पाण्याच्या जोरावर राज्यभर दिवे लागतात त्या पाण्याच्या काठावर राहून मी काळ्या वाटाण्याच्या आमटीचं वाटण पाट्यावर रगडत बसलो होतो. आमटी मात्र उत्कृष्ट झाली. खोबरं-धणे-लवंग भाजून पाट्यावर वाटलं की रशाला जो दाटपणा येतो तो मिक्सरला येत नाही. एक्याने पुढे चार्जरच्या वायरीही तोडल्या, पण त्यातून असं काही चविष्ट निघालं नाही.

चातुर्मासात बायकोची आत्या राहायला आली. आत्यांचं सगळं कडक. कांदा-लसूण-वांगं वर्ज्य, पहाटे पाचला आंघोळ, नंतर देवाची फुलं. पहिल्या दिवशी त्यांनी सशांकडे नाक मुरडलं. ‘‘उंदराची जात ही.’’ मी सांगितलं, शास्त्रज्ञही आधी तसंच समजत होते, पण सशाच्या वरच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते, म्हणून १९१२ मध्ये त्यांना उंदरांच्या वर्गातून काढून वेगळी पंगत मांडली. आत्यांना पंगतीचं पटलं. मग त्यांनी चौकशी सुरू केली. कांदा खातो? नाही, विषारी त्याला. लसूण? तीही. वांगं? नाही. शिळं? अजिबात नाही, दोन तासांपूर्वीचा पाला असेल तर ढुंकून बघत नाही. आत्या गहिवरल्या. ‘‘म्हणजे याचा बाराही महिने चातुर्मास! अगो, गेल्या जन्मीचा अग्निहोत्री असणार हा.’’

गणपतीत तर कळस झाला. आदल्या रात्री आत्यांनी एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून परातीत ठेवल्या होत्या, शेजारी जास्वंदीच्या कळ्या. पिंजऱ्याची कडी नीट लागली नव्हती. पहाटे परातीत फक्त दोरे होते. दूर्वा आणि जास्वंद, नेमकं तेच आणि तेवढंच. शेजारी ठेवलेली सोनचाफ्याची फुलं तशीच. मला वाटलं आता काही खरं नाही. आत्यांनी परात पाहिली, दोन्याकडे पाहिलं आणि हात जोडले. ‘‘देवाच्या आवडी याला कोणी शिकवल्या?’’ त्या दिवशी मी पावसात, टॉर्च घेऊन, कोळकेवाडीच्या रस्त्याकडेला नव्याने दूर्वा खुडत होतो. अग्निहोत्री आत घोरत होता.

ही पदवी फार टिकली नाही. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरड्या, गोल, ज्या आपण झाडून गुलाबाला घालतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या. आतड्याच्या एका पिशवीत आंबून तयार होतात, त्यांत प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ससा त्या बहुधा शांत वेळी, मान खाली घालून, थेट उगमापाशी तोंड लावून गिळतो. हे त्याला आवश्यक आहे. गवतातलं सगळं सत्त्व एका फेरीत निघत नाही, म्हणून दुसरी फेरी. कोयनेचं पाणी तरी काय करतं? पण हे सगळं पहाटे पाचला, ओल्या केसांनी फुलांची परडी घेऊन निघालेल्या बाईला कोण सांगणार? आत्यांनी तो विधी पूर्ण पाहिला. परडी खाली ठेवली, परत आंघोळीला गेल्या, आणि दुपारी वरणभातालाही नको म्हणाल्या. मी जीवनसत्त्वांबद्दल समजावलं. त्या म्हणाल्या, ‘‘जावईबापू, तुमचं शास्त्र मला पटलं. पण त्याला म्हणावं, आड बसून कर.’’

दसऱ्याच्या सुमाराला दोन्याची लक्षणं बदलली. तोंडात गवत धरून तो कोपऱ्यात नेऊन रचायला लागला, मग स्वतःच्या छातीवरचे केस उपटून त्यावर पसरायला लागला. मी त्वचेचा रोग समजून औषधाची चौकशी करत होतो. बायकोने एकदा पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या या नराला दिवस गेलेत.’’

सशांचा गर्भकाळ एकतीस दिवसांच्या आसपास. दोन दिवसांनी केसांच्या गादीखाली पाच गुलाबी, आंधळी, उघडी पिल्लं वळवळत होती. कोयनेचा पहिला टप्पा १९५४ च्या सुमाराला सुरू झाला आणि चौथा पुरा व्हायला २००० उजाडलं. आमच्याकडे टप्पा क्रमांक तीन ते सात एका रात्रीत कार्यान्वित झाले, तेही जागतिक बँकेच्या कर्जाशिवाय. मुलीने लगेच वहीत फिबोनाचीचं गणित मांडलं, सशांच्या एका जोडीच्या वर्षभरात किती जोड्या होतात ते. या इटालियन गृहस्थाने ते १२०२ मध्ये घातलं होतं. आकडे मी पाहिले नाहीत. त्याऐवजी एक्याला पाटीत घालून चिपळूणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण सशीण व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून दोन डझन ससे सोडले होते. १९०७ पर्यंत तिकडच्या सरकारला त्यांना अडवायला अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं. माझ्या अंगणाचं कुंपण कण्हेरीचं आहे.

बाळंतपण म्हटल्यावर आत्या मागचं सगळं विसरल्या. सशीण पिल्लांना दिवसातून एखाद्या वेळीच, तेही काही मिनिटं पाजते आणि चालू पडते, कारण जास्त घुटमळलं तर शिकाऱ्यांना बिळाचा पत्ता लागतो. आत्यांना हे आईपण पसंत पडलं नाही. ‘‘दूध कमी असणार. बाळंतिणीला शेपू द्या.’’

शेपू सशाला चालतो. मी आणला. दोन्याने, म्हणजे आता दोनीने, त्यावर अशी झडप घातली की मुळ्याचा पाला विस्मरणात गेला. आणि मुळे गेले तसा घरात शेपू आला, जुड्यांच्या जुड्या.

शेपू हा महाराष्ट्रातला न मिटणारा तंटा आहे. पुरणपोळीत गूळ की साखर, आमटीत खोबरं की कूट, यावर माणसं एकमेकांचं ऐकून घेतात. शेपूवर ऐकून घेत नाहीत. ज्याला आवडतो तो वासावर जीव टाकतो, ज्याला नाही तो उंबऱ्यावरूनच ओळखतो आणि चप्पल काढत नाही. दोनी फक्त वरची कोवळी झुपकी खायची. खालचा राठ भाग डब्यात. शेपू-मूगडाळ लसणाच्या फोडणीत (आत्यांसाठी बिनलसणाची, हिंगावर), शेपूची पीठ पेरून भाजी, ज्वारीच्या पिठातले शेपूचे मुटके, शेपू घालून भाकरी. मुटके वाफवून, तुकडे करून, मोहरी-तिळाच्या फोडणीत परतले तर संध्याकाळच्या चहाबरोबर दोन जास्त जातात, हे मी शेपूच्या विरोधकांनाही सांगेन. चौथ्या दिवशी स्टाफरूममधून माझ्यासाठी निरोप आला: मुळा चालेल.

राहता राहिला भूकंप. कोयनेच्या परिसरात जमीन अधूनमधून कुरकुरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो मोठा भूकंप ज्यांनी सोसला, त्यांचे कान अजून झोपेतही उघडे असतात. आणि ससा घाबरला की मागचे पाय जमिनीवर आपटतो, जातभाईंना इशारा म्हणून. रात्री दोन वाजता शांत घरात, फरशीवर, पूर्ण ताकदीने ‘धप्प’. पहिल्या धपक्याला शेजारचे निवृत्त गृहस्थ बनियनवर अंगणात. दुसऱ्याला त्यांच्या मागे काकू, हातात दागिन्यांचा डबा. एक्याच्या घाबरण्याची कारणं चौकशीअंती अशी निघाली: कुकरची शिट्टी, उघडलेली छत्री, बायकोचा नवा गाऊन, आणि एकदा त्याची स्वतःचीच शिंक. शेजारचे म्हणाले, ‘‘काही म्हणा, जनावराला आधी कळतं. नोंद ठेवत चला.’’ मी निवृत्त कारकून; रीतसर वही घातली. मग एका पहाटे खरोखरचा धक्का आला. फडताळातली भांडी किणकिणली, दिवा हलला, आम्ही सगळे अंगणात. आत येऊन पाहतो तर एक्या कुशीवर पसरून, मागचे पाय लांब करून गाढ झोपलेला. वहीत मी ‘इशारा: निरंक’ असं लिहिलं.

पाचांपैकी तीन पिल्लं चांगल्या घरी गेली. टप्पा क्रमांक पाच आणि सहा अजून द्यायचे आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी आधी घरात बोलून घ्यावं, कारण नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो आणि मुलांचा हट्ट तेवढा टिकत नाही. किती किलोचे होतात असं विचारणाऱ्यांनी येऊ नये. नर की मादी याची गॅरंटी मी देणार नाही. डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोघंही एकाच घरी हवे असतील तर आधी शस्त्रक्रिया, मग पाटी. येताना रिकाम्या हाताने येऊ नका, पाल्यासकट मुळ्याची एक जुडी आणा. मुळे मात्र जाताना परत न्या.